झेंड्याच्या खांबापासून बांधापर्यंत

मला कुणी बोलावून चहा पाजला, तर मी आधी त्याच्या तोंडाकडं बघतो आन् मग कपाकडं. हा माजा स्वभाव हाय आन् मी तो लपवत न्हाय. इस्वास पानिपतात मेला, ही म्हण काय उगं पडलेली न्हाय. आमचं गाव सणसरच्या अलीकडं. गावात माज्याइतका संशयी माणूस दुसरा न्हाय, असं माजी बायको साखरबाई चारचौघांत सांगती. सांगू दे. तिच्यावर तरी मी कुठं पुरता इस्वास ठेवलाय!

तर ही शहाण्णव सालची गोष्ट. जुलैमदी शाळा समितीची बैठक व्हती. मी समितीवर हाय, कारण शाळेची जमीन आमची. म्हंजे माज्या वडलांनी पंच्याहत्तर साली शाळेला दिलेली. हेडमास्तर म्हणले, "बापूसाहेब, ह्या पंधरा ऑगस्टला पुढारी नको. आपल्याच शाळेत शिकलेला माणूस बोलवू. कसा शिकला, कुठं पोचला, ते पोरांना सांगंल."

"कोण?" मी इचारलं.

"भानुदासरावांचा संघपाल. सरकारी नोकरीत हाय, जमीन मोजणीला."

माजा चहा घशातच अडाकला.

आता का अडाकला ते ऐका. शाळेच्या मैदानाला लागून माजा ऊस हाय, मधी एक बांध. माज्या वावराच्या पलीकडच्या अंगाला भानुदासचं अर्धा एकर रान. धा वर्सांमागं ह्या भानुदासनं भर चावडीत म्हणलं व्हतं, "बापूसाहेबांचा बांध चालतो." लोक पोट धरून हसले. तवापासून त्याचं माजं बोलणं बंद. तेच पोरगं आता मोजणीदार होऊन शाळेत येतंय म्हणल्यावर मला दुसरं काय सुचणार? सरळ अर्ज केला तर गावात बोभाटा हुईल, म्हणून भाषणाच्या निमित्तानं आत घुसायचं. बापाचं उट्टं लेक काढणार, हे मी तितल्या तितं ओळखलं.

आता बांध कोरणं काय फार मोठा गुन्हा न्हाय. नांगर वळवताना एखादं तास बांधाच्या पोटात गेलं तर गेलं. वर्साला हातभर. न कोरणारा एक शेतकरी ह्या पट्ट्यात दाखवा, मी मिशी उतरवतो. आन् शाळेच्या अंगाला कोरला तर त्यात चोरी कसली? जमीन आमचीच व्हती की! घरात जेवताना मी हसत सांगायचो, "आबांनी दिलं ते मी हातभर हातभर माघारी आणतोय." साखरबाई तोंड वाकडं करायची.

पर माज्या जिवाचा घोर दुसराच व्हता. माजी पोरगी, स्वराली. नाव तिच्या आत्यानं ठेवलं, रेडिओवर ऐकून. तवा नववीत. पोरगी पळायची म्हंजे काय पळायची! शंभर मीटरला शाळेतला एक बी पोरगा तिच्या पुढं टिकत न्हवता. खेळाचे रामहरी सर घड्याळ लावायचे आन् म्हणायचे, "तेरा पूर्णांक तीन शेकंद. बापूसाहेब, ह्या टायमाची पोरगी जिल्ह्यात सापडायची न्हाय." आन् तीच पोरगी इंदापूरला तालुक्याच्या स्पर्धेला नेली, की चौथी. दोन वर्सं लागोपाट चौथी. तितलं घड्याळ साडेचौदाच्या वर दाखवायचं.

मी तितं मैदानात उभा राहून शिव्या घातल्या. म्हणलं, ह्यांचं घड्याळ खोटं. ह्यांनी मैदान लांब केलंय. शिट्टी वाजवणारा जितलेल्या पोरीचा मामा असणार, नाक बघा की दोघांचं! रामहरी सर मला बाजूला घेऊन म्हणले, "बापूसाहेब, रागावू नका. ती शेवटच्या धा मीटरला पाय सोडती. का सोडती ते मला कळत न्हाय." मी त्यांची फक्त गचांडी धरायची ठेवली. "तुमी बी त्यांनाच सामील!" म्हणलं. स्वराली शेजारीच उभी व्हती, सगळं ऐकत. येताना एसटीत मी तिला एकच शिकवलं. "कुणाचं खरं मानू नको. तू हारली न्हाईस, तुला हारवली."

त्या साली सप्टेंबरात बारामतीला निवड चाचणी व्हती. पंधराच्या आतल्या पोरी. पहिल्या दोघींना पुण्याला ठेवून घेणार, शाळा, खाणं, पळायचं शिक्षण, सगळं सरकारकडं. वय बघता स्वरालीला हा एकच डाव व्हता, पुढच्या साली ती बसत न्हवती. पोरगी जेवताना बी पाय हलवायची. सकाळ-संध्याकाळ झेंड्याच्या खांबापासून बांधापर्यंत पळायची, कारण आमच्या शाळेचं शंभर मीटर म्हंजे तेवढंच. जमीन दिली त्या साली पहिल्या हेडमास्तरांनी टेप लावून मोजलेलं. खांब ते बांध, बरोबर शंभर. नवीन सर आले की दोन्ही टोकांना फक्कीची रेघ मारायचे आन् शिट्टी वाजवायचे. पुन्हा मोजायचं कुणाच्या डोक्यात कशाला येईल?

पंधरा ऑगस्टला मी सगळ्यांच्या आधी शाळेत हजर. संघपाल स्कूटरवर आला. मागं एक पोतं बांधलेलं. त्यानं ते खाली ठेवलं तर लोखंड वाजलं.

"काय हाय ह्यात?" मी इचारलं.

"साखळी, बापूसाहेब. मोजणीची. आता टेप आल्यात, पण पोरांना दाखवावी म्हणून आणली." आन् तो माज्या पाया पडला.

मी पाय मागं घेतला. पाया पडणारा माणूस वाकून बघतो काय, ते आधी बघावं. ह्यानं काय बघितलं ते मला दिसलं न्हाय, पर बघितलं असणारच.

स्टेजवर मी मुद्दाम त्याच्या शेजारची खुर्ची धरली. त्याची नजर कुठं जाती त्यावर माजी नजर. झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं, पोरं खाली बसली. तवर त्याची नजर एकदा बांधाकडं गेली आन् तो हळूच म्हणला, "मैदान लहान झाल्यासारखं वाटतंय."

"तू मोठा झालायस," मी म्हणलं.

"तसंच असंल," म्हणून हसला. माजा सदरा पाठीला चिकटला.

मग त्याचं भाषण. आता खोटं कशाला बोलू, बोलला चांगलं. "मी ह्याच शाळेत दहावीला गणितात नापास झालो," म्हणला. पोरं खूश. "दुसऱ्या वेळी पास झालो, मग आयटीआयला सर्व्हेअरचा कोर्स केला. पहिलं काम मिळालं उजनीच्या पाण्याकडेला, पळसदेवला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथं जुनं देऊळ वर येतं, घरांची जोती वर येतात. म्हातारी माणसं गाळातनं चालत यायची आणि म्हणायची, हे माझं जोतं. शेजारचा म्हणायचा, नाही, माझं. हमरीतुमरीवर यायची. मी साखळी लावायचो, जुन्या नकाशावर बघायचो. कधी कधी दोघंही चुकलेले निघायचे. मग दोघं गप व्हायचे आणि तिथंच फडकं सोडून भाकरी खायचे. तेव्हा मला कळलं, की भांडणारा माणूस खोटंच बोलत असतो असं नाही. त्याला खरंच तसं वाटत असतं. म्हणून तुम्हांला एवढंच सांगतो. तुम्ही डॉक्टर व्हा, ड्रायव्हर व्हा, काहीही व्हा, पण नुसतं वाटतंय म्हणून भांडू नका. आधी मोजा. आणि दुसऱ्याचं मोजायच्या आधी आपलं मोजा."

लेकी बोले सुने लागे! बोलत व्हता पोरांशी, पर शब्दन् शब्द माज्या अंगावर पडत व्हता. मी हेडमास्तरांकडं बघितलं, तर ते मान डोलवत व्हते. म्हंजे हे बी त्यातलेच.

टाळ्या झाल्या. संघपालनं पोत्यातनं साखळी काढून पसरली. वीस मीटरची, कडीत कडी. पोरं उठून पुढं आली. एकजण म्हणला, "सर, मोजून दाखवा की."

"चला, एखादा वर्ग मोजू," संघपाल म्हणला.

आन् मी उभा राहिलो. का राहिलो, कोण जाणे. "वर्ग मोजा, व्हरांडा मोजा, काय मोजायचं ते मोजा," मी ओरडलो, "पर मैदानाला साखळी लावायची न्हाय!"

सगळी शाळा माज्याकडं बघाय लागली. मैदानाचं नाव कुणी काढलंच न्हवतं. बायांच्या रांगेत साखरबाई बसलेली, तिनं कपाळाला हात लावला. "चोराच्या मनात चांदणं," असं ती पुटपुटली, ते मला एवढ्या लांबनं तिच्या ओठांवरनं कळलं.

मी खाली बसतोय तेवढ्यात पोरींच्या घोळक्यातनं स्वराली पुढं आली.

"सर, मैदानच मोजा," ती संघपालला म्हणली. "आमचं शंभर मीटर पक्कं हाय. बापू म्हणत्यात, इंदापूरवाल्यांनी त्यांचं मैदान लांब केलंय. तुमी आमचं मोजून कागदावर सही करून द्या. मी तो कागद बारामतीला नेते आन् त्यांना म्हणते, आता तुमचं बी मोजा."

पोरांनी टाळ्या पिटल्या. शब्द सगळे माजेच व्हते. दोन वर्सं मीच तिच्या कानात भरलेले.

संघपाल माज्याजवळ आला आन् बारीक आवाजात म्हणला, "बापूसाहेब, राहू देऊ का?"

त्याच्या ह्या इचारण्यानं तर मी जास्तच पेटलो. मी राहू दे म्हणलं की गाव काय ते समजणार, हे त्याला ठाऊक न्हाय का? "मोज," म्हणलं. "मोज की. कोण घाबरतंय?"

साखळीचं एक टोक स्वरालीनं स्वतः धरलं, दुसरं रामहरी सरांनी. खांबापासनं निघाले. एक साखळी. दोन. तीन. चार. पोरं मोठ्यानं मोजत चाललेली. पाचवी साखळी पसरली, तर ती अर्धी उसात गेली. बांध अकरा मीटरवरच आला व्हता. चार साखळ्या आन् अकरा मीटर.

"एक्क्याण्णव," कुणीतरी म्हणलं.

"परत," स्वराली म्हणली.

परत मोजलं. एक्क्याण्णव. मग उलटं, बांधाकडनं खांबाकडं. एक्क्याण्णव.

संघपाल घाईनं म्हणला, "साखळी जुनी आहे. कड्या ताणल्या असतील. ह्यावर जाऊ नका." तो खोटं बोलत व्हता आन् ते माज्यासाठी बोलत व्हता, एवढं मला बी समजलं. आन् तरी माज्या डोक्यात काय आलं असंल? हा मला का वाचवतोय? ह्याच्या बदल्यात मागणार काय?

स्वराली पळत प्रयोगशाळेत गेली आन् लाकडी मीटरपट्टी घेऊन आली. गुडघ्यावर बसली आन् साखळीला वीस वेळा पट्टी लावली. साखळी बरोबर व्हती.

मग ती बांधापाशी जाऊन उभी राहिली. उसाकडं बघितलं. माज्याकडं बघितलं.

"वीस-एकवीस वर्सं झाली," म्हणली. "वर्साला हातभर. व्हय ना, बापू?"

जेवताना हसत सांगितलेलं सगळं तिच्या ध्यानात व्हतं. ती माज्या उत्तरासाठी थांबली न्हाय, रामहरी सरांकडं वळली. "सर, तुमी म्हणायचा मी शेवटी पाय सोडते."

"व्हय, बाळ."

"मी सोडत न्हवते, सर. माजं शंभर मीटर हितंच संपायचं."

रामहरी सरांनी चष्मा काढला. इंदापूरला मी ह्या माणसाला सामील म्हणलेलं. मला लाज वाटली, आन् लाज वाटली की मला राग येतो. मी संघपालवर धावून गेलो. "झालं समाधान? जा, सांग तुज्या बापाला! मिळाला म्हणावं बांध!"

तो जागचा हलला न्हाय. "बापूसाहेब, आमच्या तात्यांनी सकाळी मला बजावून पाठवलंय. बांधाकडं बघूसुद्धा नकोस म्हणले, भाषण कर आणि जेवायला घरी ये. मी तुमचं काही मोजायला आलो नव्हतो."

मी त्याच्या तोंडाकडं लई येळ बघत राहिलो. कुठं काय लपलंय का, ते शोधत. काय सापडलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोयता घेऊन मैदानाकडच्या उसात शिरलो. ऑगस्टातला हिरवा ऊस. कारखाना सुरू व्हायला दिवाळी उलटायची, हा ऊस जनावरांच्या वैरणीशिवाय कशाच्या उपयोगाचा? येणारे जाणारे म्हणायचे, बापूसाहेबांना खूळ लागलं. थोड्या वेळानं साखरबाई दुसरा कोयता घेऊन आली आन् काय न बोलता शेजारच्या सरीला लागली. एवढं गप मी तिला लग्नापासून कधी बघितलं न्हवतं. दुपारी भानुदास त्याच्या बांधावर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आला मजा बघायला.

"मोळ्या बांधाय येऊ का?" त्यानं लांबनं इचारलं.

धा वर्सांनी पहिला शब्द. "ये," म्हणलं. त्यानं संध्याकाळपतुर मोळ्या बांधल्या आन् चावडीतलं एक अक्षर काढलं न्हाय. नवा बांध संघपालनं खुणा करून दिल्या तितं घातला. नऊ मीटर मैदान मोकळं झालं, खोडक्या काढून धुमसानं माती चोपली.

स्वराली तितं महिनाभर पळाली. रामहरी सर तिला शंभरच्या पुढं, एकशेवीसपर्यंत पळवायचे. पर जुन्या बांधाच्या जागेवर आली की तिचं काहीतरी व्हायचं. एक पाऊल अडखळल्यागत पडायचं, मग पुन्हा वेग. "दोन-तीन वर्सांची सवय हाय, बापूसाहेब," सर म्हणले, "एका महिन्यात जात न्हाय. सहा महिने मिळाले असते तर..." माज्याशी स्वराली कामापुरतं बोलायची. भाकरी घ्या. पाणी ठेवलंय. मी एकदा म्हणलं, "पोरी, शिव्या तरी दे." ती उठून गेली.

बारामतीला मी शेवटच्या रेघेपाशी उभा राहिलो न्हाय. पावलं मोजत गेलो आन् एक्क्याण्णवच्या अंदाजानं दोरीला चिकटून उभा राहिलो. शिट्टी झाली. आठ पोरी. पन्नासला स्वराली पुढं, सत्तरला पुढं, ऐंशीला पुढं. सगळ्यांच्या पुढं व्हती, देवाशप्पथ सांगतो. "पळ, बाळा!" मी ओरडलो. माज्या समोर आली, आन् तिचा खांदा खाली आला. मी माज्या डोळ्यांनी बघितलं. एकच पाऊल. तेवढ्यात दोघी तिला घासून पुढं गेल्या. स्वराली तिसरी. घ्यायच्या दोनच.

माज्या शेजारी एक गृहस्थ उभे व्हते, त्यांची पोरगी चौथी आलेली. ते तावातावानं म्हणले, "बघितलं का, पाव्हणं? घड्याळवाला त्यांचाच माणूस हाय. चला, दोघं मिळून तक्रार करू!"

"न्हाय," मी म्हणलं. "घड्याळ बरोबर हाय. मैदान बी बरोबर हाय."

त्यांनी मला खालपासनं वरपर्यंत न्याहाळलं. मी बी त्यांनाच सामील, असं त्यांच्या डोळ्यांत सरळ लिहिलेलं व्हतं.

बारामतीच्या स्टँडवर आमी बाकावर बसलो, मधी पिशवी. स्वराली बुटाची नाडी सोडत व्हती. मान वर न करता म्हणली, "बापू, आज कुणी लबाडी केली?"

"मी," म्हणलं. आवाज मोठाच निघाला. "मी केली, पोरी. तुजे नऊ मीटर मी खाल्ले." पलीकडची बाई वळून बघाय लागली. बघू दे.

स्वरालीनं मान वर केली. महिन्यात पहिल्यांदा माज्याकडं नीट बघितलं आन् तिला रडू फुटलं. "मला वाटलं, आजबी तुमी दुसऱ्याच कुणाचं नाव घेणार," म्हणली. मी तिच्या पाठीवर हात ठेवाय गेलो. तिनं तो हळूच बाजूला केला आन् पदर नसल्यानं बाहीनं डोळं पुसलं.

"पुढच्या साली माजं वय बसत न्हाय," ती म्हणली.

मला ते ठाऊक व्हतं. इंदापूरची गाडी लागली तवा तिनं पिशवी उचलली, आत चढली, आन् माज्या शेजारची जागा मोकळी असताना पुढं जाऊन एका अनोळखी बाईजवळ बसली.